ताप उतरवावा की उतरू द्यावा? घरच्यांसाठी पायरीपायरीने

माझी आजी टायफॉइडला 'मुदतीचा ताप' म्हणायची. तिच्या लहानपणी त्यावर औषधच नव्हतं. तीन आठवड्यांची मुदत भरेपर्यंत माणसाला अंथरुणावर ठेवायचं, पेज पाजायची, कपाळावर घड्या बदलायच्या आणि वाट पाहायची. टायफॉइडवर गुणकारी ठरलेलं पहिलं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ मध्ये वापरात आलं. त्याआधी या तापात दहातली एक-दोन माणसं जात. आजीचा धाकटा भाऊ तसाच गेला. म्हणून 'ताप काय, येतो नि जातो, अंगावर काढायचा' असं कुणी म्हटलेलं तिला सहन होत नसे. पण पडशाचा ताप आला आणि पोरगं अंगणात खेळतंय असं दिसलं, तर हीच आजी गोळी देऊ द्यायची नाही. "त्याला त्याचं काम करू दे," म्हणायची.

या दोन वागण्यांत विसंगती नाही हे मला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं. ताप आला की आपण एकाच प्रश्नात दोन प्रश्न कालवतो. ताप उतरवायचा का, हा एक. या आजाराला उपचार हवा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'घाई नाही' असं असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र कधीकधी 'आत्ता, या तासाला' असं असतं. गोळीने आकडा खाली आणला की दुसरा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, आणि घात तिथेच होतो. मी डॉक्टर नाही. दोन मुलं, सासूबाई आणि वडील यांची तापातली दुखणी काढताना डॉक्टरांना विचारून, वाचून आणि चुकून जे जमवलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

आधी ताप म्हणजे काय ते

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. शरीर किती गरम ठेवायचं ते तो ठरवतो. जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि हायपोथॅलॅमस आपली खूण वर सरकवतो. समजा ती १०२ वर गेली. शरीर अजून ९८ वर आहे, म्हणून माणसाला थंडी वाजते, हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. १०२ ला पोचल्यावर थंडी थांबते आणि अंग तापलेलं राहतं. खूण खाली आली की घाम फुटतो आणि ताप उतरतो. थंडी, ताप, घाम या तीन पायऱ्या ओळखता आल्या की पांघरूण कधी घालायचं, कधी काढायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. थंडी वाजताना पांघरूण घाला, वाजायची थांबली की काढा. दारं-खिडक्या लावून, स्वेटर-कानटोपी घालून 'घाम काढायचा' प्रयत्न करू नका. उष्णता आत कोंडते, बाकी काही साधत नाही.

म्हणजे ताप ही बिघडलेली यंत्रणा नव्हे, शरीराने मुद्दाम केलेली गोष्ट आहे. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी सरड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप येत नाही, तो गरम जागी जाऊन बसतो. जंतू टोचलेले सरडे गरम जागा शोधू लागले. ज्यांना मुद्दाम गार जागी ठेवलं, त्यांतले जास्त मेले. माणसांचं चित्र इतकं सरळ नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता विभागांतल्या ७०० रुग्णांवर चाचणी झाली. जंतुसंसर्गाचा संशय आणि ताप असलेल्या निम्म्यांना पॅरासिटामॉल दिलं, निम्म्यांना नाही. ताप थोडा कमी राहिला, पण जिवंत राहून अतिदक्षतेबाहेर काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही. यातून मी घेतलेला बोध इतकाच: गोळीने माणसाला आराम पडतो, आजार लवकर बरा होत नाही. आरामासाठी गोळी द्यायला काहीच हरकत नाही. पण आराम पडत असेल तर.

पायरी १: वही काढा

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम. पहिली कणकण कधी जाणवली, तो दिवस आणि वेळ लिहा. तो तापाचा पहिला दिवस. पुढे डॉक्टर 'आज कितवा दिवस?' असं विचारतात तेव्हा घरात तीन माणसांची तीन उत्तरं येतात, आणि डेंग्यूसारख्या आजारात एका दिवसाच्या चुकीने तपासणीचा अर्थ बदलतो.

प्रत्येक वेळी मोजलेला ताप, कुठे मोजला (तोंडात की काखेत), कोणतं औषध किती मिली दिलं, लघवीला किती वेळा गेला, उलटी, जुलाब, पुरळ, हे सगळं वेळेसह टिपा. घरात देणारे हात दोन असतील तर वही जीव वाचवते. आमच्याकडे एकदा मी आठ वाजता औषध दिलं आणि साडेआठला सासूबाईंनी, मी विसरले असेन म्हणून, पुन्हा दिलं. मात्रा लहान होती, निभावलं. त्या दिवसापासून बाटलीला वही रबराने बांधलेली आहे.

आणखी एक ओळ: गेल्या दोन-तीन आठवड्यांत माणूस कुठे गेला होता? हे का लिहायचं ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी २: नीट मोजा

हाताच्या पाठीने कपाळ पाहून ताप 'आहे' एवढंच कळतं, किती आहे ते नाही. डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेत लावताना घाम पुसा, टोक त्वचेला टेकलेलं हवं, बनियनला नव्हे, आणि हात अंगाशी घट्ट धरा. गरम चहा-काढा घेतल्यावर तोंडात लावायला वीस-पंचवीस मिनिटं थांबा. पाऱ्याचा जुना थर्मामीटर अजून असेल तर तो लहान मुलांच्या आसपास नको. फुटला तर काच आणि पारा दोन्हींचा धोका.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. बरेच जण त्यात एक मिळवून डॉक्टरांना सांगतात, डॉक्टर स्वतः आणखी एक मिळवतात, आणि १०१ चा १०३ होतो. मिळवू नका. दिसला तो आकडा आणि जागा सांगा.

९८.६ हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये रूढ केला. तो सरासरीचा आकडा आहे, ओलांडू नये अशी रेघ नव्हे. निरोगी माणसाचं तापमानही पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. म्हणून संध्याकाळी ९९ दिसला तर तो ताप नव्हे, आणि खरा ताप असलेला माणूस सकाळी बरा वाटून संध्याकाळी पुन्हा तापला, तर 'औषध लागू पडलं नाही' असंही नव्हे. तोंडात १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा ताप म्हणायचा.

'ताप डोक्यात जाईल' ही भीती घरोघरी असते. जंतुसंसर्गाच्या तापात शरीर स्वतःच वरची मर्यादा राखतं, १०६ च्या पुढे तो क्वचितच जातो. मेंदूला थेट इजा व्हायला त्याहूनही जास्त तापमान लागतं. उष्माघाताची गोष्ट पूर्ण वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या उन्हात काम करताना कुणी कोसळला, अंग भाजतंय, असंबद्ध बोलतोय, तर तो ताप नाहीच. तिथे हायपोथॅलॅमसची खूण वर गेलेली नसते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरतं. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. गार करणं आधी, बाकी सगळं नंतर.

पायरी ३: आकडा बाजूला ठेवून माणसाकडे पाहा

१०३ ताप असलेलं मूल खेळतंय, पाणी मागतंय, चिडवलं तर हसतंय. दुसरं मूल १०१ वर आहे, पण मान टाकून पडलंय, डोळे उघडत नाही. मला दुसऱ्याची काळजी वाटेल. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शिका हेच सांगते: मुलांना केवळ तापमान खाली आणण्यासाठी औषध देऊ नये, मूल बेचैन असेल तर द्यावं.

झोपलं असेल तर औषधासाठी उठवू नका. पहिल्या मुलाच्या वेळी मी रात्री दोनला गजर लावून त्याला रडवत औषध पाजायची. ती झोप त्याला औषधापेक्षा जास्त हवी होती. झोपेत श्वास शांत आहे, रंग ठीक आहे, हलवलं तर कूस बदलतं, एवढं पाहिलं की पुरे.

मात्र काही माणसांना ताप 'चालू द्यायचा' नसतो. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, हृदयाचे ठोकेही वाढतात. धडधाकट माणसाला ते पेलतं. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या वडीलधाऱ्यांना पेलेलच असं नाही. गरोदर बाईचा ताप, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांतला, उतरवावा आणि डॉक्टरांना दाखवावं. म्हाताऱ्या माणसांचं उलटंही होतं: जंतुसंसर्ग मोठा असतो आणि ताप जेमतेम ९९ असतो. माझ्या वडिलांना लघवीचा संसर्ग झाला तेव्हा पहिलं लक्षण ताप नव्हतंच. ते अचानक घरातल्यांची नावं चुकवू लागले होते.

पायरी ४: द्यायचं ठरलं तर मोजून द्या

घरी ठेवायचं औषध एकच, पॅरासिटामॉल. मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत कमीत कमी चार, शक्यतो सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारहून जास्त मात्रा नकोत.

खरी मेख बाटलीत आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉल तीन-चार शक्तींत मिळतं. तान्ह्यांचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. साधं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. तीव्र सिरप ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाची १५० मिलिग्रॅमची मात्रा घेऊन पाहा. थेंबांत ती दीड मिली होते, साध्या सिरपमध्ये सुमारे सहा मिली, तीव्र सिरपमध्ये तीन मिली. बाटली बदलली पण 'नेहमीचे सहा मिली' हा हिशेब तोच राहिला, तर तीव्र सिरपने मात्रा दुप्पट होते आणि चुकून थेंबांच्या बाटलीतून दिली तर चौपट. लहान मुलांच्या औषधात 'एक चमचा' हे माप नाहीच, घरातला चमचा कितीचा हे कुणालाच माहीत नसतं. बाटलीसोबतची सिरिंज किंवा खुणांचं टोपण वापरा आणि बाटलीवर मार्करने लिहा: 'दहा किलो, तीन मिली'. वजन वाढलं की खोडून नवीन लिहा.

मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने. दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगितली जाते, पण बारीक अंगाच्या, उपाशी असलेल्या, दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाला ती फार आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारावं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, पाकिटावर बारीक अक्षरांत. तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी घेतली की तेच औषध दुप्पट पोटात जातं. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृत जाळतं, आणि पहिल्या दिवशी माणूस ठीकच दिसतो. जास्त गेल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जा. त्यावर उतारा आहे, आणि तो लवकर दिला तर फार चांगला लागू पडतो.

औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने ताप उतरू लागतो. १०३ चा १०१ झाला तर ते यश आहे. ९८.४ पर्यंत आणायचा हट्ट नको. तासाभराने माणसाकडे पुन्हा पाहा, ही माझ्या मते घरातली सर्वांत मोलाची तपासणी. ताप उतरल्यावर मूल उठून बसलं, दोन घास खाल्ले, तर निम्मी काळजी मिटली. ताप उतरूनही ते तसंच मलूल पडून असेल, तर डॉक्टरांकडे निघा, मग थर्मामीटर काहीही सांगो.

आता नको असलेल्या औषधांबद्दल, थोडं कळकळीने. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. विषाणूच्या तापात त्याने यकृत आणि मेंदूचा रे सिंड्रोम हा घातक विकार होऊ शकतो. निमेसुलाइड हे ताप-वेदनेचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारत सरकारने २०११ मध्ये बंदी घातली, तरी मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे भेटतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही ताप झटक्यात उतरवणारी औषधं पावसाळ्यात स्वतःच्या मनाने तर मुळीच घेऊ नका. ताप डेंग्यूचा असेल तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि पहिल्या दोन दिवसांत तो डेंग्यूचा आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि शरीरातलं पाणी कमी झालेल्या मुलाला आयबुप्रोफेन नको. दोन औषधं आलटून पालटून देण्याची पद्धतही घरी नको, हिशेब हमखास चुकतो.

लस टोचायच्या आधी 'ताप येऊ नये म्हणून' पॅरासिटामॉल पाजू नका. लसीनंतर ताप आला, बाळ किरकिरलं, तर मग द्या.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. आमच्या घरी कोलन वॉटरच्या घड्या ठेवत, त्या वासाने मला अजून बालपण आठवतं. पण अंग पुसायचं तर साध्या, कोमट पाण्याने. बर्फाचं पाणी नको, स्पिरिट नको. थंडी वाजत असताना पुसू नका, शरीर कुडकुडून आणखी तापतं. मुलाला बरं वाटत असेल तर पुसा, रडत असेल तर सोडून द्या.

पायरी ५: कोणत्या तापात थांबून चालत नाही

इथे आजीच्या भावाची आठवण ठेवून लिहिते आहे. पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर दिवस-रात्र न पाहता डॉक्टर गाठा:

- तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप. बाकी बाळ छान दिसत असलं तरीही. औषध पाजून वाट पाहू नका.
- श्वास जलद, छातीत खड्डे पडताहेत, ओठ निळसर.
- मान ताठ, तीव्र डोकेदुखी, बरळणं, जागं करूनही नीट जागं न होणं.
- दाबल्यावर न विरणारे लाल-जांभळे ठिपके.
- पाणीही पोटात ठरत नाही, आठ तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत.
- केमोथेरपी चालू आहे, अवयव प्रत्यारोपण झालंय किंवा प्लीहा काढलेली आहे अशा माणसाला ताप.

बाकी धडधाकट माणसाचा ताप दोन दिवस पाहायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर दाखवायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. पावसाळ्यात तोही सैल वाटतो.

कारण महाराष्ट्रात ताप कुठला हे पुष्कळदा महिना आणि गाव सांगतात. वहीत कुठे गेलो होतो ते लिहायचं म्हणूनच. मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत आलात, पायाला जखम होती, आणि नंतर ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिस (उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) आठवा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली. अशा पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटलं तर ते आजार टाळण्याचं औषध देऊ शकतात. कोकणात भातखाचरात काम करणाऱ्यांनाही हाच आजार गाठतो. विदर्भात पावसाळ्याअखेर, गवता-झुडपांत वावरल्यानंतर ताप आला तर काख, जांघ, कमरेच्या पट्ट्याखालची जागा नीट पाहा. सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली दिसली तर ती स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्यांच्या चाव्यातून येणाऱ्या तापाची, खूण असू शकते. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण निघाले. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आणि गोव्याच्या सत्तरीत काजूच्या बागांत, रानात जाऊन आल्यावरचा ताप माकडतापही असू शकतो. तो गोचिडीतून येतो. डॉक्टर शहरातले असतील तर 'मी काजू वेचायला गेले होते' हे आपण होऊन सांगा.

थंडी वाजून येणारा, घाम येऊन उतरणारा आणि एक दिवसाआड परतणारा ताप म्हणजे हिवताप, हे पुस्तकी वर्णन. प्रत्यक्षात तो रोजही येतो. रक्तपट्टी तपासणी सोपी आणि सरकारी दवाखान्यात मोफत असते. ती करून घ्यायला लाजू नका.

मुदतीच्या तापाचं म्हणाल तर तो हळूहळू दिवसागणिक चढत जातो, जीभ पांढरी, पोट जड. रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलं तर निदान पक्कं होतं. विडाल ही टायफॉइडची नेहमीची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात फारशी भरवशाची नसते. म्हणूनच 'मेडिकलमधून तीन दिवसांचा कोर्स घेतला, उतरला नाही तर बघू' हे वागणं महागात पडतं. विषाणूच्या तापात ते अँटिबायोटिक निरुपयोगी, आणि टायफॉइडमध्ये अर्धवट डोसाने निदानही पुसलं जातं.

पायरी ६: ताप उतरलेला दिवस

सगळ्या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरल्यावर जास्त असतो. दोन ते सात दिवस ताप असतो, डोळ्यांच्या मागे दुखतं, अंग मोडून येतं. मग साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, कामावर जातात. त्याच वेळी काही रुग्णांत रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरू लागतं. रक्त घट्ट होतं, रक्तदाब उतरतो. हे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास निर्णायक असतात.

ताप उतरूनही पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार, अस्वस्थपणा किंवा गळून जाणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. 'ताप तर नाहीये' हे थांबण्याचं कारण नव्हे.

तपासण्यांची वेळही दिवसावर असते. विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. रक्ताचा रिपोर्ट आला की सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याला चिकटतं. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही नावाची ओळ असते (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, म्हणजे रक्त किती घट्ट), तीही पाहायला डॉक्टरांना सांगा. प्लेटलेट घटताहेत आणि ही ओळ चढतेय, म्हणजे पाणी पाझरतंय. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा कमी आला म्हणून प्लेटलेट चढवायची गरज बहुधा नसते. वेळेवर आणि मोजून दिलेलं पाणी हाच डेंग्यूचा मुख्य उपचार.

झटका आला तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. पाहणाऱ्याचं काळीज हलतं, मला माहीत आहे. पण साधी तापाची आकडी मेंदूला इजा करत नाही. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, घड्याळ पाहा. दातांत चमचा घालू नका, हात-पाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली, किंवा थांबल्यावर मूल शुद्धीवर येत नसेल तर तातडीने रुग्णालय. लगेच थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. पॅरासिटामॉल वेळेवर दिलं असतं तर आली नसती, असं स्वतःला दोष देत बसू नका. तापाचं औषध आकडी टाळत नाही, हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे.

खाणं, पिणं, सलाईन

आयुर्वेदात तापाच्या सुरुवातीला लंघन सांगितलं आहे, आणि भूक नसलेल्याला कोंबून भरवू नये एवढा त्याचा अर्थ आजही चांगला लागू पडतो. पण लंघन खाण्याचं असतं, पाण्याचं नाही. तान्ह्याला अंगावर पाजणं चालू ठेवा, थोडं थोडं, जास्त वेळा. मोठ्यांना पेज, मुगाचं कढण, ताक, शहाळं, लिंबाचं सरबत, आमसुलाचं सार, जे रुचेल ते. भूक परतली की गुरगुट्या भात, मेतकूट, वर तुपाची धार. जुलाब-उलटी असेल तर जलसंजीवनी: पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलीचं ते वाचून तेवढ्याच पाण्यात. घरी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी फिकट पिवळी होतेय ना, एवढी एकच खूण पाहत राहा. तुळस, आलं, गवती चहाचा काढा घसा शेकायला छान आहे. त्याने ताप उतरेल अशी अपेक्षा नको.

'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' असा आग्रह डॉक्टरांना करू नका. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी. एवढी शक्ती वाटीभर पेज आणि केळ्यात आहे. ज्याला पिता येत नाही किंवा ज्याचा रक्तदाब उतरलाय त्याला सलाईन जीवदान देते, बाकीच्यांना सुईची जखम. तसंच 'ताप लगेच उतरवणारं' इंजेक्शन मागू नका. एका दवाखान्यात माझ्या मुलाला मी हट्टाने ते द्यायला लावलं होतं. दोन तास ताप नव्हता, म्हणून आम्ही दोन दिवस निवांत राहिलो, आणि टॉन्सिलमधला पू तोवर वाढत होता.

उतरल्यानंतर

गोळीशिवाय सलग चोवीस तास ताप आला नाही, तर मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही. डेंग्यूचा संशय असेल तर ताप उतरल्यापासून दोन दिवस घरीच ठेवा आणि लघवी लिहीत राहा. ताप पूर्ण गेला आणि दोन-तीन दिवसांनी परत चढला, तर तो नवा म्हणून सोडून देऊ नका. कानात, छातीत दुसरा संसर्ग बसलेला असू शकतो. उघडलेली सिरपची बाटली पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवू नका. बाटलीवर लिहिलेल्या मुदतीत संपली नाही तर टाका. नवीन आणाल तेव्हा मुलाचं वजन पुन्हा करा, आणि वहीचं नवं पान उघडून वर तेच आधी लिहा.